तात्पुरतं

अण्णांची फियाट घाटात कधी दमली नाही.
गगनबावड्याची वळणं ती दुसऱ्या गिअरमध्ये
एका दमात चढायची.
रडायची ती सपाटीला.
कागलच्या पुढं, जिथं रस्ता सरळ
आणि पाय निम्माच दाबलेला,
तिथं तिचा जीव कशातच नसायचा.
पेट्रोल मात्र प्यायची, लग्नघरात चहा उडावा तसं.
"हिला चढ लागतो," अण्णा म्हणायचे.
आई खिडकीबाहेर बघत म्हणायची,
"हिलाच का?"

गळिताच्या हंगामात तीन-तीन रात्री कारखान्यात जागणारे अण्णा,
पट्टा पडला की आरामखुर्चीत नुसतेच तापत बसायचे.
हाक मारली तर
ओ यायची, पण उशिरा.

ते गेल्यावर दोन वर्षं गाडी कापडाखाली होती.
मग मी तिला उद्यमनगरात आणली,
दस्तगीर मिस्त्रींच्या शेडमध्ये.
शेजारी लेथ, पलीकडं फाउंड्री,
बोळात चपलेला चिकटणारा बिडाचा कीस.

डिस्ट्रिब्यूटरच्या कुशीला
तपकिरीच्या डबीएवढा पत्र्याचा डबा,
त्यातून कार्बोरेटरकडं निघालेली बारीक नळी.
मिस्त्रींनी ती बोटांनी चाचपली
आणि थांबले.
नळीच्या तोंडात स्क्रू होता,
त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, वितळून चिकटलेली.

"कुणी मारलं हे बूच?"

ते चष्मा पुसत राहिले. बराच वेळ.
"मीच की.
शहाऐंशी साल. आतला डायफ्राम फाटलेला, पार्ट मिळंना.
सायबांस्नी म्हटलं, तात्पुरतं बंद करतो,
म्हैन्याभरानं या.
ते काय आलं न्हाईत.
मी बी इसरलो."

"पण बंद काय केलंत?"

"चुलीत ओलं सरपण असलं तर बाई काय करती?
पावनं यायच्या आधी घटकाभर जाळ घालती.
तसंच हे. पाय हलका असला की आतला माल पातळ.
पातळ माल सावकाश जळतो,
म्हणून ठिणगी जरा आधी पाडायची.
इंजिनातली पोकळी रबराची चकती ओढती,
चकती पॉइंटची ताटली सरकवती. केसभर.
चढाला पाय दाबला की पोकळी संपली, ओढ बी संपली.
तिथं ह्येचं कामच न्हाई."

मी सालं मोजत होते.
समोरच्या लेथवर कुणीतरी पितळ घासत होतं.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला.
डबा लेथवर कापून उघडला होता,
पेट्रोल पंपाच्या किटमधलं रबर गोल कातरून बसवलं होतं,
कडा पुन्हा मुडपल्या होत्या.
"आता तोंडानं ओढून बघायचं," मिस्त्री म्हणाले.
"पयलं मीच ओढायचो."
आणि खिशातला निळा पंप दाखवला,
डॉक्टरांनी दिलेला, दिवसातून दोनदा.
नळीचं टोक स्वच्छ फडक्यानं पुसून माझ्या हातात दिलं.
"ओढा. आणि जिभेनं धरा."

ओढलं. पेट्रोल, रबर,
खूप जुनं काहीतरी.
टोपी काढलेल्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये
ताटली सरकली, खरंच केसभर,
आणि तिथंच राहिली.
जिभेचं टोक नळीत रुतलेलं.
मिस्त्री मोजत होते, अठरा, एकोणीस, वीस,
मधेच खोकले, पुन्हा वीसपासून.
माझं तोंड बांधलेलं होतं
ते एका अर्थी बरंच झालं.

बिलात लेथवाल्याचे साडेतीनशे.
मजुरीपुढं आडवी रेघ.
"ती मागंच घेतलीया," म्हणाले.

रविवारी आईला मागं बसवलं.
कागल गेलं. रस्ता सरळ, पाय निम्म्यावर.
दोघी गप्प.
निपाणीच्या अलीकडं
ती पुढच्या सीटला हात लावून म्हणाली,
"हळू जरा."
सपाटीला, ह्या गाडीत,
पहिल्यांदाच.